एक ओरखडाही नाही

रोही रस्त्यावर आला तेव्हा माझा नवरा पुढच्या सीटवर बसून दिराशी वाद घालत होता, की चहा समुद्रपूरला घ्यायचा की हिंगणघाटला. आम्ही गिरडहून परत येत होतो. लेकीची दहावी होती, म्हणून टेकडीवरच्या दर्ग्यात डोकं टेकवून आलो होतो. सासूबाई होत्या तेव्हापासूनची आमच्या घरची ती रीत. हिवाळ्याची दुपार होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. दीर गाडी चालवत होता, मी आणि लेक मागे होतो.

रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर. ते कपाशीच्या पऱ्हाटीतून उसळून थेट गाडीसमोर आलं. दिराने ब्रेक दाबून स्टेअरिंग फिरवलं. गाडीचा पुढचा कोपरा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, मातीवर आदळला आणि गाडी गरकन फिरून, आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. रोही पलीकडच्या शेतात निघून गेला होता.

दिराचा ओठ फाटून रक्त येत होतं. लेक मोठ्याने रडत होती. तिचं कोपर सुजलं होतं. माझ्या खांद्यातून कळा येत होत्या. नवऱ्याला मात्र काहीच झालेलं दिसत नव्हतं. बेल्टमुळे तो जागचा हललाही नव्हता, डोकं कुठेच आपटलं नव्हतं, समोरची काचसुद्धा शाबूत होती. फक्त त्याची मान छातीवर पडली होती.

"अहो," मी मागून खांद्याला धरून हलवलं. "अहो!"

शेतातली माणसं धावत आली. कुणी पाणी मारलं. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "कुठं आहो आपण?"

"गिरडहून येऊन राह्यलो ना," दीर म्हणाला. "रोही आडवा आला, दादा. तुले लागलं का कुठं?"

"मले काऊन लागन?"

तो उतरला, उभा राहिला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "देवाची कृपा हाय बाप्पा, एक ओरखडाबी नाई." मग सगळे दिराच्या ओठाकडे आणि पोरीच्या कोपराकडे वळले. मीही वळले. तेवढ्यात मागून आवाज आला, "कुठं आहो आपण?"

मी सांगितलं. त्याने मान हलवली. आणि पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा, त्याच स्वरात, प्रथमच सुचल्यासारखं, "कुठं आहो आपण?"

मी घाबरले ते तिथे. गाडी फिरली तेव्हा घाबरायला वेळच मिळाला नव्हता.

तो कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर मी कशाला घाबरले ते कळायचं नाही. आम्ही नाचणगावचे. पुलगावात त्याचं विहिरीवरच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान, धाकटा भाऊ सोबतीला. गिऱ्हाईक दारात दिसलं की हा त्याचं गाव सांगायचा, विहीर किती खोल ते सांगायचा, मागच्या खेपेला कोणतं बेअरिंग नेलं होतं तेही सांगायचा. आणि बोलणं अखंड. लग्नानंतर पहिल्या काही महिन्यांत मला वाटायचं, या माणसाला गप्प बसवायचं औषध मिळतं का कुठे.

कुणाच्या तरी जीपने वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात संध्याकाळच्या आत पोचलो. डोक्याचा सीटी स्कॅन काढला. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, स्कॅन स्वच्छ आहे, असं सांगितलं. दिराने तिथेच भिंतीला कपाळ टेकवलं. मी गावाकडे फोन करून सांगितलं, काही नाही, निव्वळ हादरा आहे. स्ट्रेचरवर तो झोपला होता. मला वाटलं, दमला असेल.

पण ती झोप नव्हती. मी हाक मारली, उत्तर नाही. हात ओढला, सैल. मी नर्सला बोलावलं, नर्सने डॉक्टरांना. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने त्याच्या छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं दाबून जोरात घासली. कुणी माझ्याशी तसं केलं असतं तर मी किंचाळले असते. त्याने फक्त कोपर थोडं वाकवलं आणि कण्हला. डोळे उघडले नाहीत.

"स्कॅन तर चांगला आला म्हणालात," मी म्हणाले.

"हो, ताई," ती म्हणाली. "पण त्यात सगळंच दिसत नाही. एमआरआय करावा लागेल."

एमआरआयनंतर तिने मला आणि दिराला आत बोलावलं. पडद्यावर मेंदूचं चित्र होतं, करडं, आणि त्यात इथे तिथे बारीक ठिपके, साबुदाण्याहून लहान. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. चेतापेशी मी खडूने किती वेळा काढली असेल. एक डोकं, त्याला फांद्या, आणि लांब शेपटी. शेपटीला बाण काढून लिहायचं: अक्षतंतू. पोरांकडून शुद्धलेखन घोटून घ्यायचं. डॉक्टर म्हणाली, "मेंदूत असे कोट्यवधी लांब तंतू असतात. डोकं कुठे आपटलं नाही, पण हिसका बसून गरकन फिरलं आणि एकदम थांबलं. आतला मेंदू मऊ असतो. तो सगळा एकसारखा फिरत नाही. त्यामुळे तंतू ताणले गेले."

"ताणले म्हणजे तुटले?" दिराने विचारलं.

"काही तुटले असतील. बरेचसे नुसते ताणले गेलेत. असं बघा, कणीक हळू ओढली की लांबते. हिसका मारला की तुटते. हे तंतूही हळू ताण सोसतात. आपण मान वळवतो, वाकतो, त्यांना काही होत नाही. पण क्षणात ताण बसला की आतून कडक होतात, आणि त्यांच्या आतले बारीक दांडे मोडतात. त्या दांड्यांवरूनच पेशीचा माल इकडून तिकडे जातो. तो तुंबतो. तंतूवर जागोजागी फुगवटे येतात."

"मग?"

"मग काही तंतू सावरतात. काही नंतर तुटतात. काही तासांनी, काही दिवसांनीसुद्धा."

म्हणजे अपघात अजून संपलेला नव्हता. समुद्रपूरच्या रस्त्यावर गाडी केव्हाच थांबली होती, आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तो अजून चालू होता. मी विचारलं, थांबवायला काही औषध? ती म्हणाली, सूज वाढू नये म्हणून जे करायचं ते करतोय, तुटणं थांबवणारं औषध अजून नाही. तिने खोटा धीर दिला नाही. त्याबद्दल मी पुढे तिचे आभार मानले, पण त्या वेळी मला तिचा राग आला.

तो आयसीयूत होता तेव्हाचे दिवस मला सलग आठवत नाहीत. भेटायला नातेवाईक यायचे. काचेतून बघायचे आणि सगळे तेच म्हणायचे: चेहऱ्यावर एक ओरखडाही नाही हो. कुणाला वाटायचं, उगाच ठेवून घेतलंय. एक मावससासू म्हणाल्या, येताना वाटेत काही ओलांडलं असेल, एखाद्या जाणत्याला दाखवा. मी कुणाशी बोलत नव्हते. मला आत जाऊ द्यायचे तेव्हा मी त्याच्या कानाशी दुकानातल्या गोष्टी बोलायची, कारण दुसरं काही बोलायला गेले की रडू फुटायचं. तीन एचपीच्या मोटारी, इम्पेलर, फुटवॉल्व्ह. इतक्या वर्षांत ऐकून ऐकून मला ते सगळं पाठ होतं. बोलता बोलता मी त्याच्या कपाळाकडे बघत राहायची. आत्ता, या क्षणी, एखादा तुटतोय का? तो तंतू कशाचा होता? लेकीच्या नावाचा? माझ्या?

तो मरेल याची भीती होतीच. तिच्या मागे दुसरी एक होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नाही. तो जागा होईल आणि तो नसेल.

दीर आत येत नसे. बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. एकदा मी बाहेर आले तर म्हणाला, "वहिनी, मी ब्रेक नसता मारला तर... रोहीवर घातली असती सरळ, तर..."

मला काही चांगलं बोलता आलं नाही. मी पाण्याची बाटली उचलली आणि परत आत गेले.

एका सकाळी नर्सने हाक मारली. त्याचे डोळे उघडे होते. मी पलंगापाशी गेले, त्याचा हात हातात घेतला. त्याने माझ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तेवढा पंखा बंद करा ना."

अठरा-एकोणीस वर्षांच्या संसारात तो मला कधी 'तुम्ही' म्हणाला नव्हता. 'अवं' म्हणायचा, 'ए मास्तरीण' म्हणायचा, चिडला तर नुसतं 'ऐक'. मी पंखा बंद केला. बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा घातला.

ओळख परत यायला फार दिवस लागले नाहीत. आधी भाऊ ओळखला, मग लेक, मग मी. डॉक्टर मुलगी खूश झाली. चालता येऊ लागलं, हाताने जेवू लागला, आणि आम्ही त्याला नाचणगावला आणलं. गल्लीतली माणसं बघायला आली. "ठणठणीत तर हाय," म्हणून चहा पिऊन गेली. कुठे टाका नाही, पट्टी नाही, लंगडणं नाही. मोडलेला पाय असता तर लोक हळू आवाजात तरी बोलले असते.

घरात काय होतं ते त्यांना दिसत नव्हतं. तो मधेच बोलायचा थांबायचा. म्हणजे वाक्य सुरू करायचा, "मले ते दे ना, ते..." आणि तोंड उघडं ठेवून हवेत बघत राहायचा. ताट, वाटी, चादर, असले साधे शब्द. दुपारी चार-चार तास झोपायचा. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून धरायचा. टीव्ही आम्ही बंदच केला.

एकदा लेक चटणीसाठी मिक्सर लावत होती. मी आतल्या खोलीत होते. स्टीलचा पेला भिंतीवर आपटल्याचा आवाज आला आणि मग त्याचं ओरडणं, असं की मी आजवर ऐकलं नव्हतं. धावत आले तर चहा भिंतीवरून ओघळत होता आणि लेक ओट्याला चिकटून उभी होती. पेला तिच्या डोक्याजवळून गेला होता. ती खोलीत गेली, आणि आतून कडी लावल्याचा आवाज मला ऐकू आला. बापाला घाबरून पोरीने कडी लावली. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

मीही त्याच्याजवळ जायला घाबरले, हे खरं आहे. दारातच उभी राहिले. तो खाली बसला होता.

"मी काऊन असा करून राह्यलो?" तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, स्वतःच्या हातांकडे बघून. "अवं, सांग ना. आत काहीतरी आहे. शब्द येते अन् वाटेतच राहून जाते. मंग राग येते. मले माह्याच भेव वाटून राह्यलं."

मी जाऊन शेजारी बसले. मी आतापर्यंत त्याला घाबरत होते, त्याच्यासाठी घाबरत होते. पण तो आत एकटा किती घाबरलेला आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लेकीची कडी उघडायला बराच वेळ लागला. ती आली, त्याच्यापासून जरा दूर बसली, आणि म्हणाली, "बाबा, आजपासून चटणी मी खलबत्त्यात कुटते." तो हसला नाही, पण त्याने मान हलवली.

उन्हाळा लागता लागता तो दुकानात थोडा वेळ बसू लागला. दीर सोबत असायचा. गिऱ्हाईक आलं की तो उठून मागे गोदामात जायचा, कारण माणूस ओळखीचा वाटायचा आणि गाव आठवायचं नाही. दीर सांगायचा, दादा हिशोब पाहून राह्यला. सगळ्यांना ते पटायचं.

मग एक दुपार. दुकान ते घर, जेमतेम चालत जाण्याचं अंतर, तो जन्मभर चाललेला रस्ता. जेवायला म्हणून तो निघाला आणि घरी आलाच नाही. मी दिराला फोन केला. तो म्हणाला, "निघून तर लय वेळ झाला, वहिनी." नवऱ्याचा मोबाईल काउंटरवरच होता.

आम्ही शोधलं. स्टेशन, बाजार, दवाखाना, मित्रांची घरं. दर ठिकाणी तेच: "अरे, आता बरे आहे ना ते?" ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी स्टेशनच्या फलाटावर उभी राहून रुळांकडे बघितलं, आणि जे मनात आलं ते दिराला सांगितलं नाही. त्याचंही लक्ष तिकडेच गेलं होतं.

तेवढ्यात दिराचा फोन वाजला. एका बाईचा आवाज. पवनारला नदीजवळ तिची चहाची टपरी होती. "एक भाऊ इथं पाण्यात पाय सोडून बसले हाय. कवाचे बसले. खिशात तुमच्या दुकानाचं कार्ड सापडलं. बोलत नाई काही."

पाण्यात पाय सोडून. मला एवढंच ऐकू आलं.

अपघातानंतर दिराने गाडी चालवली नव्हती. शेजाऱ्याची गाडी मागितली, किल्ली हातात घेतली आणि तो दारापाशी नुसता उभा राहिला. मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. माझा नवरा बसला होता तिथे. बेल्ट लावला आणि दोनदा ओढून बघितला.

दीर इतकी हळू चालवत होता की ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते. समोरून काही आलं की आम्ही दोघंही श्वास धरायचो. वाटेतलं देवळी गाव मागे पडलं तसं मी म्हणाले, "भाऊजी, थोडी जोरात घ्या."

"वहिनी, माह्यानं नाई होत."

"होते. घ्या. मी आहे ना बाजूले."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग गिअर बदलला. दवाखान्यातल्या त्या बाकापाशी जे मला बोलता आलं नव्हतं, ते बहुधा त्याला तेव्हा मिळालं असावं, कारण त्यानंतर तो वर्धा येईपर्यंत मुकाट्याने रडत गाडी चालवत होता आणि मी त्याला रडू दिलं.

पवनारला धाम नदी उन्हाळ्यात खडकांमधून वाहते, पण डोह असतात. पुलावरून मला तो दिसला. पांढरा शर्ट. कडेच्या दगडावर बसलेला, चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. चहावाली बाई थोड्या अंतरावर उभी होती, त्याच्यावर नजर ठेवून. मी दगडांवरून कशी उतरले ते आठवत नाही. गुडघा फुटला होता हे घरी आल्यावर कळलं.

"इथं कसे आले तुम्ही?" मी विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी चढला.

तो शांत होता. "घरचं वळण सापडलं नाई," तो शब्द शोधत शोधत म्हणाला. "स्टँडवर गेलो. वर्ध्याची बस होती. तिथं दुसऱ्या बसवर पाटी होती, पवनार. एका दमात वाचता आली. म्हणून बसलो."

मग त्याला भाऊ दिसला. "हा काऊन रडून राह्यला?"

दीर पुढे आला आणि त्याच्या शेजारी बुटांसकट पाण्यात पाय सोडून बसला. "दादा, गाडी मी चालवत होतो. माह्यामुळं झालं."

"कवा?" नवऱ्याने विचारलं. गिरड, रोही, धुरा, त्याला काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मग त्याची नजर पाण्यातल्या बुटांवर गेली. "तू असा ओल्या बुटानं गाडी चालवणार काय आता? काढ ते."

डॉक्टर मुलीने पुढच्या भेटीत सांगितलं, की असं हरवणं होऊ शकतं. तुटलेले तंतू परत जुळत नाहीत. जे राहिले त्यांच्यातून मेंदू वेगळ्या वाटा काढतो, आणि त्याला वेळ लागतो, कधी वर्षंही. तिने एका बाईकडे पाठवलं, शब्दांचा आणि लक्ष ठेवण्याचा सराव घेणारी. तो सराव अजून चालू आहे. शब्द पुष्कळ परत आले, पण हळू येतात. घाईच्या माणसाला तो मंद वाटतो. पूर्वीची बडबड गेली. कधी कधी दिवसभर घरात इतकं शांत असतं की मी मुद्दाम काहीतरी विचारते. राग आता येतो, पण येण्याआधी तो उठून अंगणात जातो. शर्टाच्या खिशात आमचे सगळ्यांचे नंबर असतात. गिऱ्हाइकांची गावं तो आता विचारून घेतो, आणि बहुतेक लोक सांगतात.

मी चेतापेशी शिकवते तेव्हा अक्षतंतूशी थोडी जास्त थांबते. पोरं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला येते का? मी सांगते, नाही येत. तरी ऐका.

लेक आता कॉलेजात आहे. गेल्या आठवड्यात म्हणाली, बाबांना मी स्कुटीवर दुकानात सोडते, नाहीतरी तिकडूनच जाते. मला नको म्हणायचं होतं. हेल्मेट कवटी सांभाळते, ताई, आतला हिसका पूर्ण थांबवत नाही, असं डॉक्टर मुलीने मला सांगितलेलं होतं. पण तो आधीच हेल्मेट घालून, पट्टा लावून मागच्या सीटवर बसला होता, दोन्ही हात पोरीच्या खांद्यांवर. ज्या पोरीने कधी त्याला घाबरून कडी लावली होती, ती म्हणाली, "नीट धरा बाबा."

"हळू चालवजो," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत, "हे तुह्या मायसाठी सांगून राह्यलो. मले नाई भेव वाटत."

स्कुटी गल्लीच्या टोकाला वळली. माझी शाळेची वेळ झाली होती, पिशवी खांद्यावर होती. ते पोचल्याचा दिराचा फोन दुकानातून येईपर्यंत मी उंबऱ्यातच उभी राहिले.